दीर्घ आजारासाठी ऑनलाइन आधार: रचना वाईट दिवसासाठी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या संस्थेला मधुमेह, दमा, संधिवात अशा वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या आजारांच्या पेशंटसाठी ऑनलाइन आधार सुरू करायचा आहे. आराखड्यात एक अ‍ॅप आहे, रोजच्या नोंदी आहेत, नोंदी भरल्या की गुण आहेत, दर आठवड्याला डॉक्टरांचं व्याख्यान आहे आणि आपसात बोलायला एक गट आहे. यातलं काय ठेवावं, आणि लोक रोज येत राहावेत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. लोकांनी रोज यावं हे उद्दिष्ट आराखड्यातून काढूनच टाका. अशा गटांची आखणी आणि देखरेख मी बरीच वर्षं करते आहे. जिथे हे उद्दिष्ट वरच्या ओळीत असतं, तिथे आठवणींचे मेसेज वाढतात, नोंदी वाढतात, आणि ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज असते तेच आधी गळतात.

याचं कारण समजून घ्या. आजार सांभाळणं हे काम आहे आणि ते पेशंटच्या अंगावर आधीच पडलेलं असतं. ज्युलिएट कॉर्बिन आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या अभ्यासकांनी १९८५ मध्ये दीर्घ आजारी माणसं आणि त्यांचे जोडीदार यांच्याशी बोलून या कामाचे तीन पदर मांडले. पहिला पदर आजाराचा: गोळ्या, तपासण्या, पथ्यं, डॉक्टरांच्या वेळा. दुसरा रोजच्या जगण्याचा: नोकरी, घर, मुलं, हिशेब. तिसरा स्वतःच्या आयुष्याची नव्याने जुळवाजुळव करण्याचा: मी आता कोण, माझ्याकडून काय होईल, काय सोडून द्यावं लागेल. बहुतेक अ‍ॅप पहिल्याच पदरावर थांबतात. लोक रात्री जागून एकमेकांशी बोलतात ते मात्र तिसऱ्याबद्दल.

वर्षाचे तास ८,७६०. त्यातले डॉक्टर-नर्सच्या समोर जाणारे तास बहुतेकांचे बोटांवर मोजता येतील इतकेच. बाकी सगळा वेळ माणूस स्वतःच स्वतःचा आजार चालवत असतो. कार्ल मे, व्हिक्टर मॉन्टोरी आणि फ्रान्सिस मेअर या आरोग्य-संशोधकांनी २००९ मध्ये लिहिलं होतं, की उपचारांनी माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी. उपचारांचं ओझंच पेलत नसेल तर ते पाळले जात नाहीत, आणि आपण खापर पेशंटच्या डोक्यावर फोडतो. ऑनलाइन आधारालाही हेच लागू आहे. तुमचं प्रत्येक बटण पेशंटच्या कामात एक तर भर घालतं किंवा त्यातलं काही उचलतं.

म्हणून आखणीच्या पहिल्या बैठकीत ‘तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय हवं’ असं विचारू नका. लोक बिचारे सौजन्याने काहीतरी सांगतात आणि तुम्ही ते बांधत बसता. त्याऐवजी विचारा: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आजारापायी काय काय करावं लागलं? ते क्रमाने लिहून घ्या. एखादी मधुमेहाची पेशंट सांगेल: साखर तपासली, इन्सुलिन किती घ्यायचं याचा हिशेब केला, सुई संपत आली म्हणून दुकानात गेले, ऑफिसमध्ये बैठकीमुळे जेवण एक तास पुढे गेलं तेव्हा साखर उतरेल म्हणून घाबरले, संध्याकाळी रिपोर्ट शोधला, सापडला नाही, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेण्यासाठी चार वेळा फोन लावला. या यादीत तुमच्यासाठी तयार काम आहे. रिपोर्ट एका जागी ठेवणं, सुया संपायच्या आधी आठवण करणं, अपॉइंटमेंटला जाताना विचारायचे तीन प्रश्न तयार करून देणं. यातलं काहीच झगमगीत नाही, पण यासाठी लोक आपणहून येतात.

रोजच्या नोंदींबद्दल माझा नियम सोपा आहे: नोंद वाचणारा कोण ते आधी ठरवा. तो नसेल तर नोंद मागू नका. ज्यांना डॉक्टरांनीच रोज तपासायला सांगितलंय ते तपासतीलच. त्यांच्या मीटरमधून किंवा सेन्सरमधून आकडे आपोआप येतील असं बघा, तेच पुन्हा टाइप करायला लावू नका. बाकीच्यांना डॉक्टरांच्या भेटीआधीचे आठ-दहा दिवस थोडक्यात लिहायला सांगितलं तरी पुरतं. त्या नोंदी डॉक्टर खरोखर बघतात. गुण, बॅजेस, ‘सलग २१ दिवस’ असले प्रकार तर काढाच. साखळी तुटते ती माणूस आळशी झाला म्हणून नव्हे, आजार उसळला म्हणून. ज्या दिवशी त्याला सगळ्यात वाईट वाटतंय, त्याच दिवशी तुम्ही त्याचे गुण शून्यावर आणता.

आता वाईट दिवसाकडे येते, कारण रचनेची खरी परीक्षा तिथे होते.

पहाटेचे सहा वाजले आहेत. संधिवाताच्या एका बाईंना जाग आली आहे, बोटं आखडलेली आहेत, ती मोकळी व्हायला तास-दीड तास लागणार. काल घ्यायची आठवड्याची गोळी राहिली हे आत्ता आठवलं. आज घ्यायची की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं? कोणाला तरी हा प्रश्न आधी पडला असेल म्हणून त्या अ‍ॅप उघडतात. अ‍ॅपने त्यांना रात्रीतून लॉग-आउट केलेलं असतं. नंबर टाकायचा. ओटीपीसाठी सहा बारीक चौकोन येतात, वर तीस सेकंदांचा काटा. मेसेज बघायला खिडकी बदलली की चौकोन रिकामे. चौथ्या आकड्याला अंगठा घसरतो. मुदत संपते. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी स्क्रीन सांगते की खातं पंधरा मिनिटांसाठी बंद केलंय. बाई फोन उलटा ठेवतात. तुमच्याकडे याची नोंद ‘वापरकर्ती सक्रिय नाही’ एवढीच होते.

यातली एकही अडचण न सुटणारी नाही. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. वेळेची मर्यादा असेल तर काही अपवाद सोडता ती बंद करता यावी किंवा वाढवता यावी, ओटीपी चिकटवता किंवा आपोआप भरता यावा, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा, हे सगळं त्यात आहे. बटणाचा किमान आकार त्यात २४ बाय २४ पिक्सेल दिलाय. आखडलेल्या किंवा थरथरणाऱ्या हातांसाठी मी ४४ च्या खाली जात नाही. याशिवाय ओळखीच्या फोनवर लॉग-इन टिकू द्या. अर्धवट लिहिलेलं आपोआप जपा. जिथे टाइप करायचं तिथे बोलूनही चालावं.

प्रत्येक आजाराचा वाईट दिवस वेगळा असतो, आणि तो माहीत नसताना आखणीला बसू नये. मायग्रेनमध्ये उजेड सोसत नाही. पांढरीशुभ्र स्क्रीन आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ हा त्रासच. पार्किन्सन्समध्ये औषधाचा अंमल असतानाचे आणि तो उतरल्यावरचे तास वेगळे, म्हणून ठरलेल्या वेळेच्या ऑनलाइन बैठकीला माणूस हजर असेल पण बोलू शकणार नाही. एमई म्हणजे दीर्घ थकव्याच्या आजारात आज जास्त श्रम झाले तर त्याचा फटका पुष्कळदा १२ ते ४८ तासांनी बसतो. अशा माणसाला ‘आज तुम्ही कालच्यापेक्षा जास्त चाललात, शाबास!’ असा मेसेज पाठवणं हे नुसतं निरर्थक नाही, ते अपायकारक आहे.

तीन महिन्यांनी कोणी परत आलं तर त्याला कसं घ्यायचं, यावर एक अख्खी बैठक खर्च करा. ‘तुम्ही ८४ दिवस आला नाहीत’ हे वाक्य दिसता कामा नये. न वाचलेल्या शेकडो मेसेजचा लाल आकडाही नको. ‘मधल्या काळातलं महत्त्वाचं एवढंच’ असं म्हणून पाच ओळी दाखवा आणि पुढे जाऊ द्या. गुंटर आयझेनबाख या संशोधकांनी २००५ मध्येच मांडलं होतं की इंटरनेटवरच्या आरोग्य-उपक्रमांतून मोठ्या संख्येने लोक गळणं हे त्या माध्यमाचं लक्षणच आहे, आणि ते लपवण्याऐवजी अभ्यासावं. मी त्यात एवढंच जोडेन, की गळणाऱ्यांत बरं वाटतंय म्हणून गेलेले असतात आणि ओझं झालं म्हणून गेलेले असतात. एका ओळीचा प्रश्न विचारून हे दोन वेगळे करता येतात, आणि पहिल्या प्रकारचं गळणं हे यश म्हणून मोजा.

आता गटाबद्दल. सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो आणि बिघडायलाही इथेच वाव असतो.

तुमच्या आराखड्यात डॉक्टरांची व्याख्यानं आहेत आणि गट एका कोपऱ्यात आहे. हे उलटं करा. स्टॅनफर्डमध्ये केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेला स्वव्यवस्थापनाचा कार्यक्रम हा या क्षेत्रातला सगळ्यात जास्त तपासला गेलेला नमुना आहे: सहा आठवडे, प्रशिक्षण घेतलेले दोन संचालक, आणि त्यांतला निदान एक तरी स्वतः दीर्घ आजार असलेला. त्याची ऑनलाइन आवृत्तीही झाली. त्यात सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहावं लागत नाही. साधारण पंचवीस जणांचा गट आठवड्यातून सवडीने दोन-तीनदा येतो. दर आठवड्याला प्रत्येक जण स्वतःच्या मनातली एक छोटी गोष्ट ठरवतो: काय, किती, कधी, किती वेळा. मग ती जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती, असं विचारतात. सातच्या खाली आकडा आला तर माणसाला धीर देत बसायचं नाही, ठरवलेली गोष्ट छोटी करायची. ‘रोज अर्धा तास चालेन’ याची खात्री चार असेल तर ‘सोमवार आणि गुरुवारी जेवणानंतर दहा मिनिटं’ यावर ती आठ होते. पुढच्या आठवड्यात नाही जमलं तर गट मिळून आडकाठी शोधतो. ही रीत साधी आहे, फुकट आहे आणि कुठल्याही माध्यमात चालते. तुम्ही बाकी काही घेतलं नाहीत तरी ही घ्या.

गटात कोण लिहितं आणि कोण वाचतं याबद्दल धास्ती नको. ट्रेव्हर व्हॅन मिर्लो यांनी २०१४ मध्ये चार ऑनलाइन आरोग्य-गट तपासले, तेव्हा साधारण एक टक्का सदस्यांनी जवळजवळ तीन चतुर्थांश मजकूर लिहिलेला निघाला. आणि नेदरलँड्समधल्या २००८ च्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा दीर्घ आजार) आणि संधिवात यांच्या गटांतल्या नुसत्या वाचणाऱ्यांनी बहुतेक बाबतींत लिहिणाऱ्यांइतकंच बळ मिळाल्याचं सांगितलं. म्हणून गप्प बसलेल्यांना ‘तुम्हीही काहीतरी बोला ना’ असं टोचू नका. लक्ष द्यायचं ते त्या मूठभर लिहिणाऱ्यांकडे. गटाचा सूर तेच ठरवतात, ते स्वतः आजारी असतात, आणि आपण नसलो तर गट बंद पडेल या भावनेने ताप अंगात असतानाही उत्तरं देत राहतात. त्यांना सक्तीची सुटी द्या, त्यांच्या जोडीला दुसरा माणूस द्या, शक्य असेल तर मानधन द्या.

नव्याने आलेल्याला पहिलं काय दिसतं हेही तपासा. मधुमेहाचं निदान होऊन आठवडा झालेल्या मुलाने गट उघडला आणि सगळ्यात वर कोणाच्या तरी कापलेल्या पायाच्या बोटाचा फोटो दिसला, तर तो परत येणार नाही. फोटो टाकणाऱ्याचंही काही चुकलेलं नाही, त्याला तोच आधार हवाय. दोघांच्या जागा वेगळ्या करा. माझ्या अनुभवात आजारानुसार विभागणी पुरत नाही, ‘नुकतंच कळलं’, ‘घडी बसवतोय’, ‘बरीच वर्षं झाली’ अशी टप्प्यानुसार विभागणी जास्त उपयोगी पडते. काळजी घेणाऱ्या घरच्यांना तर पूर्णपणे वेगळी खोली लागते, कारण ‘मी थकले आहे’ हे त्यांना पेशंटच्या समोर बोलता येत नाही.

चुकीच्या माहितीची भीती प्रत्येक संस्थेला असते. २००६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या एका ऑनलाइन गटातले ४,६०० मेसेज तपासले गेले. चुकीचे किंवा दिशाभूल करणारे निघाले दहा. त्यांतले सात सदस्यांनीच दुरुस्त केले, सरासरी साडेचार तासांत. दिलासा देणारा आकडा आहे, पण तो अनुभवी सदस्यांनी भरलेल्या जागत्या गटाचा आहे. तुमचा गट नवा आणि छोटा असेल, तिथे दुरुस्त करणारे अजून तयार व्हायचे आहेत. तोवर ते काम पगारी मॉडरेटरचं, म्हणजे गटावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं. नियम एकच पुरतो: ‘मला असं झालं’ हे खुशाल लिहा, ‘तू हे औषध घे किंवा बंद कर’ हे लिहू नका.

प्रत्यक्षात ते कसं हाताळायचं ते दाखवते. समजा एक सदस्या लिहितात, ‘आनंदाची बातमी! आठ दिवस झाले, स्टेरॉइडची गोळी बंद केलीय. सूज नाही, काही नाही. तुम्हीही करून बघा.’ मेसेज उडवला तर त्या बाई दुखावतील, गप्प होतील आणि गोळी बंदच राहील. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून वाटही बघता येत नाही. मी मॉडरेटरना असं उत्तर लिहायला शिकवते: ‘ताई, सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. स्टेरॉइड मात्र एकदम थांबवायचं नसतं, डॉक्टर ते हळूहळू कमी करत आणतात, म्हणून बाकी कोणी कृपया करून बघू नका. ताई, खूप गळून गेल्यासारखं, चक्कर, उलट्या असं काही होतंय का? होत असेल तर थेट तातडीच्या विभागात जा आणि गोळी बंद केल्याचं सांगा. नसेल तरी आजच डॉक्टरांना फोन करा. फोन झाला की इथे फक्त “झाला” एवढं लिहा.’ मग संध्याकाळपर्यंत ‘झाला’ आलं नाही तर मॉडरेटरने स्वतः फोन करायचा. याला माणूस लागतो, वेळ लागतो आणि पैसे लागतात. तुमच्या अंदाजपत्रकात अ‍ॅप बांधायला मोठी रक्कम असेल आणि मॉडरेशनपुढे ‘स्वयंसेवक’ असं लिहिलेलं असेल, तर ते आत्ताच बदला.

अनुभवांची बेरीज म्हणजे पुरावा नव्हे हेही गटाला सांगत राहावं लागतं. मात्र नीट नोंदवलेल्या अनुभवांतून पुरावा उभा राहू शकतो. २००८ मध्ये एका छोट्या इटालियन अभ्यासात एएलएस या मज्जातंतूंच्या जीवघेण्या आजारात लिथियमचा गुण येतो असं दिसलं आणि अनेक पेशंटनी ते आपणहून सुरू केलं. पेशंट्सलाइकमी या ऑनलाइन व्यासपीठावर त्यांच्या नोंदी होत्या. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना तसाच आजार असलेल्या, पण लिथियम न घेणाऱ्यांशी केली गेली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला: आजार मंदावला नव्हता. औषध सोडायला सांगणारी ही माहिती पेशंटनीच पुरवलेली होती.

रात्रीचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं. गटावर लक्ष ठेवणारं कोणी कोणत्या वेळात नसतं ते लिहायच्या जागेच्या अगदी वर स्पष्ट दिसू द्या. तातडीच्या सूचना इंटरनेट नसतानाही उघडतील अशा ठेवा. उदाहरणार्थ रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तातडीची मदत बोलवायची. नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली बरेच जण अ‍ॅपमध्ये टाकतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ते उत्तर त्याच तासात वाचणारं आणि फोन उचलणारं माणूस तुमच्याकडे नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

गुप्ततेबद्दल थोडंच सांगते. फोन नंबर सगळ्यांना दिसेल अशा साध्या ग्रुपवर आजाराचा गट चालवू नका. टोपणनाव चालू द्या. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या सूचनेत आजाराचं किंवा औषधाचं नाव नको, ‘तुमच्यासाठी एक आठवण’ पुरेसं आहे; फोन घरात चार हातांतून फिरतो. माहिती कोणालाही विकणार नाही हे एका वाक्यात लिहा आणि ते पाळा.

गटात मृत्यू होतील. याची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. बातमी कोण सांगेल, घरच्यांची परवानगी कोण घेईल, त्या व्यक्तीने लिहिलेलं राहील की जाईल, आणि मुख्य म्हणजे आपोआप जाणारे मेसेज त्याच दिवशी कोण थांबवेल, हे लिहून ठेवा. पत्नीला नवऱ्याच्या फोनवर ‘आज गोळी घेतलीत का?’ असा मेसेज येता कामा नये. त्याच आजाराच्या बाकीच्यांसाठी ती बातमी स्वतःच्या भविष्याची असते, म्हणून पुढचे काही दिवस मॉडरेटर दुप्पट लागतात.

सुरुवात कशी करायची? एक आजार घ्या, वीस-पंचवीस लोक घ्या, सहा आठवडे ठरवा, दोन संचालक नेमा, त्यातला एक त्याच आजाराचा. अ‍ॅप बांधूच नका; सदस्यांचे नंबर झाकलेले राहतील असं तयार माध्यम वापरा. सहा आठवड्यांनंतर प्रत्येकाला फोन करून विचारा: आजाराचं कुठलं काम यामुळे हलकं झालं, कुठलं वाढलं, आणि अडल्या रात्री कोणाला विचारायचं हे आता माहीत आहे का? उत्तरं बघून पुढचं बांधा. आणि निधी संपला तर काय, हेही त्याच कागदावर आत्ता लिहा: सदस्यांना किती महिने आधी सांगणार, त्यांच्या नोंदी त्यांच्या हातात कशा देणार, आणि गटाला कोणाच्या स्वाधीन करणार.